चौकटीत न बसलेली काच

माझी थोरली बहीण गेली आणि त्याच आठवड्यात भावजींनी दुकान उघडलं. मला राग आला. राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण तो रास्त होता असं मला अजूनही वाटतं. बायको गेली तर माणसाने चार दिवस घरात बसावं, भिंतीकडे बघावं, कुणी भेटायला आलं तर दोन शब्द बोलावेत. भावजी उठले, दाढी केली, शटर वर केलं आणि कुणाच्या तरी बाथरूमचा आरसा कापायला घेतला.

मी तणतणत दुकानात गेले. म्हटलं, "लोकांचं सोडा, पण तुम्हाला तरी हे सुचतं कसं?"

"सुचत नाही," ते म्हणाले. "हात चालतायत."

त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. आरशावर दोन थेंब पडले तेव्हा त्यांनी आधी आरसा पुसला आणि मग रक्त कुठून येतंय ते शोधलं. काचवाल्याला हात कापणं नवीन नाही, पण स्वतःचा हात कापल्याचं आरशातून कळलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझा राग तिथेच गळाला. मी पट्टी बांधत होते आणि ते हात पुढे करून उभे होते, जणू तो शेजाऱ्याचा हात आहे आणि ते फक्त धरायला आलेत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लाकडी खाचांमध्ये काचा उभ्या करून ठेवलेल्या, मधोमध जाड कापडाने मढवलेलं टेबल, टेबलावर रॉकेलच्या बाटलीत बुडवलेलं काच कापायचं चाक. खोलीत काचा पक्क्या बसवायच्या पुट्टीचा वास कायमचा मुरलेला. हे दुकान दोघांचं होतं, आणि नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढून माप ताई घ्यायची. टेप खिडकीला लावून ती वरूनच आकडा ओरडून सांगायची, भावजी तो मनात धरून दुकानात यायचे आणि कापायचे. कागद-पेन्सिल दोघांच्या मध्ये कधी आली नाही. मोठी काच असली तर ती दोघं मिळून उचलायची. ताई पुढे, भावजी मागे. ताई बोलत राहायची, "पायरी आली," "थांबा," "डावीकडे," "टेकवा." घरातही थोडंफार असंच चालायचं. ती बोलायची, हे ऐकायचे. मी एकदा ताईला म्हटलं होतं की तुझ्या नवऱ्याला स्वतःचं मत आहे की नाही? ती म्हणाली, "आहे की. पण मी आधी सांगते, म्हणून त्यांना काढावं लागत नाही."

त्यांना एकच मुलगी. माझी भाची चष्म्याच्या दुकानात काम करते. काच तिलाही सुटली नाही, फक्त लहान झाली, असं मी तिला चिडवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बस बदलून यावं लागतं. ताई गेली त्याच्या दोन वर्षं आधी ती एकदा दुकानात आली, तेव्हा हे दोघं कपड्यांच्या दुकानाची मोठी काच उचलत होते. ताईचा चेहरा घामाने थबथबला होता. पोरगी दारातूनच वडिलांवर ओरडली, "तुम्हाला कळतं की नाही? तिला का उचलायला लावता?" भावजींनी काच आधी टेकवली आणि मग म्हणाले, "हे दुकान आहे. इथे काम असंच होतं." शब्दाने शब्द वाढला. शेवटी भावजी म्हणून गेले, "तुला आमच्या कामाची लाज वाटत असेल तर येऊ नकोस." आणि ती खरंच आली नाही. ताईला ती माझ्या पार्लरमध्ये भेटायची. एका खुर्चीत ताई, दुसऱ्या खुर्चीत ती, मध्ये मी कात्री घेऊन. मी अनेकदा दोघींचे कान उपटले. ताई म्हणायची, "होईल सगळं नीट, घाई करू नकोस." तिला घाई नव्हती, आणि मग वेळच उरला नाही.

ताई स्वयंपाकघरात नळाखाली भांडं धरून उभी असताना गेली. हृदय थांबलं. भावजी पलीकडच्या खोलीत बूट घालत होते. भांडं पडल्याचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, "फुटलं का काही?" हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, एकदाच, आणि जेवता जेवता सांगितलं.

ताईला निरोप द्यायला सगळे जमलो तेव्हा भाची बापापासून शक्य तितकी लांब उभी होती. परत निघताना मला म्हणाली, "मावशी, त्यांना सांग, आता खुशाल उचला म्हणावं काचा. एकट्याने." मी हा निरोप पोचवला नाही. तोंडाळ आहे मी, पण तेवढी नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले हे मला सांगता येणार नाही, कारण ते गेलेच नाहीत, नुसते साचले. भावजींना जेवण पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर विचारायचे नाहीत. स्वेटर उलटा घालून दिवसभर वावरायचे. लहान कामं करायचे, भिंतीवरचे आरसे, टेबलावर ठेवायच्या काचा, दोन हातात मावेल एवढंच. मोठं काम आलं की "जमणार नाही" म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. मी विचारलं, रडू येत नाही का? त्यांनी नीट विचार केला, डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं, "नाही. काहीच होत नाही. पाय झोपतो ना, तसं आहे. फक्त पाय नाही." मी माझ्या घरी येऊन रडले, त्यांच्याही वाटचं. पण माझंही पुढे पुढे तेच झालं. दिवसभर बायकांचे केस कापायचे, बडबड करायची आणि संध्याकाळी आपण काय बोललो ते एक अक्षर आठवायचं नाही.

एक सवय मात्र त्यांनी मोडली नाही. ताई आठवड्यातून एकदा प्रार्थनेला जायची. भावजी तिला गाडीतून सोडायचे आणि बाहेरच गाडीत बसून राहायचे, रेडिओ बारीक करून. आत एकदाही पाऊल टाकलं नाही. देवाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तो असेल तर त्याचं माझ्यावाचून अडत नाही, नसेल तर प्रश्नच मिटला." ताई हसायची. ती गेल्यावरही त्या दिवशी, त्या वेळी ते गाडी काढायचे, प्रार्थनाघरासमोर लावायचे आणि प्रार्थना संपेपर्यंत बसायचे. माणसं बाहेर पडली, पांगली की गाडी सुरू करून घरी. मला हे कळलं ते तिथल्या देखरेख करणाऱ्या आजोबांकडून. त्यांच्या कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा असतो की सगळे त्यांना चावीवाले आजोबाच म्हणतात. ते म्हणाले, "तुमचे भावजी येतात. मी आत बोलावत नाही. बोलावलं तर येणं बंद करतील." मला हे पटलं. मी असते तर पहिल्याच आठवड्यात दंडाला धरून आत ओढलं असतं.

मग एका वादळात झाडाची फांदी प्रार्थनाघराच्या खिडकीवर आदळली आणि बाजूची उंच काच फुटली. ताईच्या नेहमीच्या बाकाशेजारची. आजोबांनी तिथे प्लॅस्टिक चिकटवलं आणि पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी गाडीच्या खिडकीवर टकटक केली. "तुम्ही काचवाले ना?"

भावजी नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. एवढी उंच काच एका माणसाचं काम नव्हे. पण ते गाडीतून उतरले, शिडी मागितली आणि माप घेतलं. दोनदा घेतलं. आणि मला फोन केला, "उचलायला येशील का?"

मी गेले. आयुष्यात कंगव्याहून जड काही उचललं नव्हतं, पण गेले. त्यांच्या खांद्याशी माझं डोकं, त्यामुळे काच तिरकी. त्यात मी बोलत होते. नेमकं नको तेव्हा बोलत होते आणि सांगायला हवं तेव्हा गप्प. प्रार्थनाघराच्या पायरीशी मी काही न सांगता थांबले आणि मागून भावजी काचेसकट माझ्या अंगावर येता येता राहिले. कशीबशी ती चौकटीपर्यंत नेली. खालची कड खाचेत टेकली. वरची आत जाईना. नखाच्या जाडीएवढी काच बाहेर राहत होती.

भावजींनी चौकट मोजली. काच मोजली. दोन्ही आकडे एकच. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. आम्ही काच भिंतीला टेकवून ठेवली आणि ते आत जाऊन पहिल्या दिसेल त्या बाकावर बसले. आपण आत आलोय हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

तिथूनच चौकटीकडे बघत म्हणाले, "ती कमी करून सांगायची."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. काच चौकटीइतकी कापायची नसते. लाकूड फुगतं, आक्रसतं, म्हणून सगळ्या बाजूंनी थोडी जागा सोडायची असते. हे कुठल्याही काचवाल्याला माहीत असतं, त्यांनाही होतं. पण ताई शिडीवरून आकडा सांगायची तो ती जागा वजा करूनच. इतकी वर्षं त्यांनी वजाबाकी अशी केलीच नव्हती. आकडा आला की चाक फिरवायचं.

"एकदाही परत टेप लावून बघितली नाही मी," ते म्हणाले. "ती म्हणाली, मी कापली."

"विश्वास होता तुमचा," मी म्हटलं.

"मला वाटायचं मी विश्वास ठेवणाऱ्यातला नाही." हे त्यांनी अगदी कोरड्या आवाजात म्हटलं, चूक दुरुस्त करावी तसं.

ती काच वाया गेली. इतकी बारीक पट्टी काढता येत नाही, काच मनाला येईल तिथे तडकते. नवी कापायची होती आणि ती उचलायला माणूस हवा होता. भावजी म्हणाले, "तू मेहुणी आहेस म्हणून काही बोलत नाही, पण काच मी तुझ्या हातात पुन्हा देणार नाही." ताई गेल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद, आणि तो विनोद आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी भाचीला फोन लावला. गोड बोलत बसले नाही. म्हटलं, "तुझ्या आईच्या बाकाशेजारची खिडकी फुटलीय. मला काच उचलता येत नाही. तुला येते, तिनेच शिकवलंय. येतेस का?"

"त्यांनी सांगितलं फोन करायला?"

"नाही."

"त्यांच्यासाठी नाही येणार मी."

"नकोच येऊस त्यांच्यासाठी. खिडकीसाठी ये."

ती आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण मापासाठी बघतात तसं. तिने पुढचं टोक धरलं, आईचं. आणि प्रार्थनाघराच्या आवारात शिरल्यापासून चौकटीपर्यंत ती बोलत गेली, "पायरी. अजून एक. थांबा. उजवीकडे. टेकवा." शब्दही तेच, आवाजही बराचसा तोच. भावजी मान खाली घालून त्या आवाजामागे चालत होते. काच खाचेत अलगद गेली. मी दाराशी उभी राहून डोळे पुसले. त्या दोघांच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

भावजी कडेने पुट्टी लावू लागले. अंगठ्याने दाबत, सुरीने साफ करत. भाची बाजूला उभी राहून हात पुसत होती. आणि मग ती बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांनी सांगूनही तुम्ही तिला हे उचलायला लावलंत. मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय. का?"

भावजींची सुरी थांबली. "कुठल्या डॉक्टरांनी?"

"तिच्या हृदयाच्या. मी होते सोबत. म्हणाले, जड अजिबात उचलायचं नाही. आई म्हणाली, घरी मी सांगते."

"गुडघ्याचं म्हणाली होती," भावजी म्हणाले. "गुडघा दुखतो म्हणून जाऊन आले म्हणाली. मी पट्टा आणून दिला गुडघ्याचा."

तो पट्टा मी पाहिला होता. ताई माझ्या पार्लरमध्ये यायची तेव्हा तो कधी डाव्या गुडघ्यावर असायचा, कधी उजव्या. मी तिला म्हटलंही होतं, तुझं दुखणं बरं फिरतं गं. ती खो खो हसली होती. दोन वर्षं ती धडधाकट गुडघ्याला पट्टा बांधून हिंडली आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मी हे मोठ्याने सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

भाची खिडकीखालच्या पायरीवर बसली. "मग मी इतके दिवस कुणावर रागावले होते?" ती कुणालाच उद्देशून बोलली नाही.

मला वाटलं, आता भावजी म्हणतील, बघ, मला माहीत नव्हतं. तो त्यांचा हक्क होता. त्यांच्या जागी मी असते तर व्याजासकट वसूल केलं असतं. ते म्हणाले, "मला कळायला हवं होतं. काचेच्या पलीकडे तीच असायची. तिचा श्वास मला रोज ऐकू यायचा." आणि पुन्हा पुट्टी लावू लागले, कारण ती वाळत होती.

भाची जायला निघाली. भावजी म्हणाले, सोडतो गाडीने. ती नको म्हणाली. मग थोडं चालून थांबली. "पुट्टीला रंग लावावा लागेल ना वाळल्यावर?"

"हो. दोनेक आठवड्यांनी."

"मी लावते," ती म्हणाली आणि बसथांब्याकडे गेली. येईन की नाही, कधी येईन, काही नाही. मी भावजींना म्हटलं, फोन करा तिला मधून मधून. ते म्हणाले, "काय बोलू?" मलाही सुचलं नाही. मी, जी दिवसभर अनोळखी बायकांशी बोलते.

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी भावजींनी गाडी लावली आणि आत गेले. पुट्टी नीट धरतेय की नाही बघायला, असं त्यांनी चावीवाल्या आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "बघा ना." ते ताईच्या बाकावर बसले आणि शेवटपर्यंत बसले. सगळे उठले की उठायचं, सगळे बसले की बसायचं, एक पाऊल मागे राहून. शब्द येत नव्हते, ओठ मिटलेले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. मी त्यांच्याबरोबर गेले होते, आणि खरं सांगते, माझा काही कुणावर भरवसा उरला नव्हता. ताईने आयुष्यभर ज्याच्यापुढे हात जोडले त्याने तिला भांडंसुद्धा खाली ठेवू दिलं नाही.

प्रार्थना संपली. माणसं गेली. भावजी उठेनात. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होते. दार वाजलं आणि भाची आत आली, हातात रंगाचा डबा, ब्रश. रिकामं प्रार्थनाघर आणि त्यात बसलेला बाप बघून ती थबकली.

"तुम्ही आत कसे?" ती म्हणाली. "तुम्हाला तर हे पटत नव्हतं."

मला वाटलं, आता पुट्टीचंच सांगतील.

"मला त्याच्याकडून काही नको," ते म्हणाले. "ती इथे दर आठवड्याला येऊन बसायची. मला तिने गुडघा सांगितला. तुला घरी सांगते म्हणाली आणि सांगितलं नाही. या मावशीला हसून दाखवलं. आपल्या सगळ्यांना कमी करून सांगितलं तिने, कुणाला त्रास नको म्हणून." त्यांचा आवाज मध्येच तुटला आणि त्यांनाच त्याचं नवल वाटलं असावं, कारण त्यांनी हात गळ्याशी नेला. "पण इथे बसून तिने त्याला तरी पूर्ण सांगितलं असेल. किती दुखतं, किती भीती वाटते. कुणालातरी पूर्ण माहीत असेल. ते खोटं असेल तर ती अगदी एकटी होती गं. मला ते नाही सहन होणार. म्हणून मी येतो."

भाचीने रंगाचा डबा खाली ठेवला. ती रडत होती, तोंड वाकडं करून, लहानपणी रडायची तशी. भावजींच्या गालावरूनही पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं असतं हे त्यांना आठवत नव्हतं.

ती बाकाशी आली.

"सरका जरा, बाबा," ती म्हणाली.

भावजी सरकले.